तक्त्यावरचे नको, ताटातले मोजा: भोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
वसतिगृहे, कामाच्या ठिकाणची उपाहारगृहे, वृद्धाश्रम आणि रुग्णालये यांच्या भोजन समित्यांचे सदस्य, कोठी सांभाळणारे आणि मुख्य आचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही मोठ्या स्वयंपाकघरांच्या आहारनियोजनाचे काम करतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या भोजनगृहात भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावलेला असतो, आणि असे तक्ते बहुधा चांगले असतात. डाळ रोज, कडधान्य आठवड्यातून चारदा, दोन भाज्या, फळ, दूध किंवा दही. त्यात खोट काढायला फारशी जागा नसते. तरीही तेच जेवण रोज जेवणाऱ्यांच्या तपासण्यांत रक्तक्षय निघतो, रक्तदाब वाढलेला असतो, वृद्धांची वजने हळूहळू उतरत जातात आणि तरुण मुले जेवून उठल्यावर तासाभरात बिस्किटांचा पुडा शोधतात. याचे कारण तक्त्यात सापडत नाही. तक्ता काय शिजले ते सांगतो. पोटात काय गेले हे कोठीतला तराजू, पातेल्यातले पाणी, वाढप्याचा डाव, चहाची किटली आणि खरकट्याची बादली मिळून ठरवतात. आमचे म्हणणे या पाच गोष्टींविषयी आहे.

सुरुवात डावापासून करतो, कारण सर्वांत मोठी गळती तिथे होते.

शंभर जणांसाठी साडेचार किलो डाळ घेतली असे धरा. माणशी ४५ ग्रॅम कोरडी डाळ झाली. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे प्रत्येकाला या डाळीतून १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळायला हवीत. कागदावर हिशेब चोख बसतो. आता पाणी घालून ही डाळ ३० लिटर झाली. पूर्ण १० ग्रॅम मिळायचे तर प्रत्येकाच्या वाटीत ३०० मिलिलिटर डाळ पडली पाहिजे. पण वाढप्याच्या हातातला डाव १५० मिलिलिटरचा आहे आणि वाटीही तेवढीच. एक डाव म्हणजे २२ ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे ५ ग्रॅम प्रथिने. निम्मे पातेले उरते. मग कोठीत निष्कर्ष निघतो की डाळ फार उरते, उद्यापासून तीन किलोच काढा. पातेले तेच, पाण्याची खूणही तीच. आता त्या एका डावात १५ ग्रॅम डाळ उरली, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रथिने. तक्त्यावर मात्र काल, आज आणि उद्या ‘डाळ’ असेच लिहिलेले आहे.

त्यातही शिजलेली डाळ तळाशी बसते. वरून वाढत गेले की पहिल्या तीस जणांना पिवळे पाणी मिळते आणि शेवटच्या दहा जणांना गोळा. हे वाढप्याला कुणी सांगितलेलेच नसते.

उपाय स्वस्त आहे. डाव पाण्याने भरून मापाच्या भांड्यात ओता आणि त्याचे माप त्याच्या दांड्यावर कायमचे कोरून घ्या. पातेल्याच्या आतल्या बाजूला पाण्याची खूण करा: साडेचार किलो डाळीचे शिजून १८ लिटर झाले, तर १८० मिलिलिटरच्या एका डावात पूर्ण ४५ ग्रॅम डाळ जाते. डाळ पातळच आवडत असेल तर दोन डाव वाढा, पण मग वाटी मोठी आणा. दर दहा वाढपांनंतर तळापासून ढवळा. एवढ्याने, कोठीतून एक दाणाही जास्त न काढता, ताटातली प्रथिने जवळपास दुप्पट होतात.

हे इतके ताणून का सांगावे? निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी धरतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. साठी ओलांडलेल्यांना १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे त्याच वजनाला ६० ते ७२ ग्रॅम. शरीरात चरबीचे कोठार आहे, साखरेचेही छोटे कोठार आहे, प्रथिनांचे मात्र नाही. ताटातून कमी पडले की शरीर ते स्नायूंमधून काढते. म्हणून दिवसभराचा वाटा रात्रीच्या एकाच जेवणात उरकण्यापेक्षा तिन्ही वेळांना विभागलेला बरा. सर्वांत रिकामा असतो तो नाश्ता: नुसता धान्याचा पदार्थ आणि गोड चहा. त्यात एक अंडे घातले तर ६ ग्रॅम, एक मोठा पेला दूध दिले तर ८ ग्रॅम, मूठभर उकडलेले कडधान्य दिले तर ५-६ ग्रॅम प्रथिनांची भर पडते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असते आणि डाळी-कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. ती एकाच घासात असायची गरज नाही, दिवसभरात दोन्ही आली तरी चालते. पण डाळ पाण्यासारखी असेल तर भरून काढायला काही उरतच नाही.

आता कोठी. आपल्या साठ्याच्या वहीत जेवणाऱ्यांच्या आरोग्याची बरीच माहिती लिहिलेली असते, फक्त ती त्या नजरेने कुणी वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. तो जेमतेम एक सपाट चमचा. शंभर माणसे तिन्ही वेळा आपल्याकडेच जेवत असतील तर महिन्याची मर्यादा १५ किलो होते. यात पावातले, लोणच्यातले, सॉसमधले, तयार मसाल्यातले मीठही आले, म्हणून मिठाच्या पोत्यातून महिन्याला १० किलोच्या आसपासच निघायला हवे. वहीत २४ किलो दिसत असेल तर माणशी ८ ग्रॅम झाले, आणि बाहेरून आलेल्या जिनसांमधले मीठ अजून धरलेलेच नाही. पाकिटावर सोडियम लिहिलेले असते, मीठ नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ.

मीठ कमी करायचे तर एकदम करू नका. एकदम केले की ताटे परत येतात, समितीकडे तक्रारी जातात आणि तिसऱ्या दिवशी आचारी पहिल्यापेक्षा जास्त मीठ टाकतो. मूठ आणि अंदाज बंद करून प्रत्येक पदार्थाचे मीठ वजनाने ठरवा, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी त्यातले दहावा हिस्सा कमी करा. जीभ काही आठवड्यांत नव्या पातळीला सरावते. मिठाची डबी टेबलावरून उचलून खिडकीजवळ ठेवा. ज्याला खरेच हवे तो उठून घेईल. आंबटपणा, भाजलेला मसाला आणि शेवटी वरून घातलेली कोथिंबीर किंवा मिरपूड यांनी कमी मिठाची उणीव बरीच झाकते.

पोटॅशियमयुक्त मिठाबद्दल आता अनेकजण विचारतात. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या उच्च रक्तदाबाच्या लोकांमध्ये, तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण वापरल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष मोठा आहे. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलेले नव्हते. वृद्धाश्रमाच्या किंवा रुग्णालयाच्या सामायिक पातेल्यात असे मीठ डॉक्टरांना न विचारता टाकू नका. मूत्रपिंड दुबळे असेल किंवा रक्तदाबाची काही ठराविक औषधे चालू असतील तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते, आणि ते हृदयाच्या ठोक्यांवर बेतते.

तेलाचा हिशेबही वहीतूनच करा. माणशी दिवसाला ३० ग्रॅम तेल धरले तर शंभर जणांना महिन्याला ९० किलो, साधारण १०० लिटर. याहून बरेच जास्त जात असेल तर बहुधा तळणीचे दिवस वाढलेले असतात. तळणीच्या कढईत जुन्या तेलात नवे तेल ओतत राहणे ही सर्वांत वाईट सवय: जुने तेल नव्याला लवकर बिघडवते. तेल काळसर झाले, वर फेस धरू लागला, पूर्वीपेक्षा कमी आचेवर धूर येऊ लागला, की ते टाकायचे. साखरेचे माप चहात सापडते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम साखर, आणि दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम आहे, शक्यतो २५. सामायिक किटलीत साखर निम्मी करून बाजूला साखरदाणी ठेवली तर कुणाचा हक्क जात नाही.

चहाचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण रक्तक्षयाचे एक मोठे कारण आपल्या वेळापत्रकात दडलेले आहे. डाळी, धान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहज शिरत नाही. मांस-मासळीतल्या हीम लोहाचे (रक्ताच्या लाल द्रव्यातल्या लोहाचे) शोषण १५ ते ३५ टक्के होते, वनस्पतींमधल्या लोहाचे २ ते २० टक्के. इतका मोठा फरक कशाने पडतो? सोबत काय खाल्ले-प्यायले त्याने. चहा-कॉफीतले पॉलिफेनॉल आतड्यात लोहाला बांधून ठेवतात. जेवणासोबत चहा घेतला तर लोहाचे शोषण निम्म्याहून जास्त घटू शकते. १९८३ मधल्या कॉफीवरच्या एका प्रयोगात दिसले की जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने जेवणासोबत घेतल्याइतकेच शोषण घटले. कारण उघड आहे: तासाभराने अन्न अजून पोटातच असते.

म्हणून आमची साधी मागणी: चहाची किटली नाश्त्याच्या टेबलावरून हलवा. उठल्याबरोबर चहा द्या, मग तासाभराने नाश्ता. दुपारचा चहा जेवणानंतर निदान दोन तासांनी. दूध किंवा दह्याचा मोठा वाटाही लोहाच्या गोळीच्या वेळी नको, कारण कॅल्शियमही लोहाच्या आड येते.

उलट क जीवनसत्त्व लोहाचे शोषण दुपटी-चौपटीने वाढवते. पण इथेही मात्रा महत्त्वाची. ताटावर लिंबाची फोड ठेवली म्हणजे काम झाले असे समजतात; अर्ध्या लिंबाच्या रसात जेमतेम १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, आणि ठळक फरक पडायला २५ ते १०० मिलिग्रॅम लागते. एक संत्रे ६०-७० मिलिग्रॅम देते, शंभर ग्रॅम पेरू २०० पेक्षा जास्त, पन्नास ग्रॅम कच्ची ढोबळी मिरची ४० च्या वर. फळ चार वाजता नाश्त्याच्या खिडकीत देण्याऐवजी जेवणाच्या ताटात द्या. तेच फळ, तोच खर्च, पण डाळीतले लोह शरीरात जाईल. लिंबू पिळायचे तर पातेले आचेवरून उतरवल्यावर, उकळत्या डाळीत नाही.

लोहाची कमतरता हिमोग्लोबिनच्या चाचणीत दिसण्याच्या फार आधी माणसात दिसते. हिमोग्लोबिन शेवटी घसरते. आधी शरीरातला साठा संपतो, जो फेरिटिनच्या चाचणीत कळतो. त्या मधल्या काळात जिना चढताना धाप लागते, लक्ष लागत नाही, केस गळतात, चिडचिड वाढते, काहींना बर्फ, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. वसतिगृहाच्या प्रमुखांनी अशा मुलीला ‘आळशी’ म्हणण्याआधी तिची तपासणी करून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

पातेल्यात काय हरवते तेही पाहा. भाजी आदल्या रात्री चिरून पाण्यात ठेवणे मोठ्या स्वयंपाकघरात सर्रास चालते, कारण सकाळी हात कमी असतात. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) पाण्यात विरघळतात, आणि ते पाणी मोरीत जाते. भाजी आधी धुवा, मग चिरा, फोडी मोठ्या ठेवा, चिरलेली भाजी कोरडीच झाकून थंड जागी ठेवा. कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवा आणि उरलेले पाणी डाळीत घाला. कडधान्य लवकर शिजावे किंवा भाजीचा रंग हिरवा राहावा म्हणून खायचा सोडा टाकू नका. सोड्याच्या अल्कलीत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट होते.

थायमिनची गोष्ट तर स्वयंपाकघरातूनच सुरू झाली आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या, थायमिनच्या अभावाने हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा शोध घेत होते. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या, पांगळ्या झाल्या आणि काही महिन्यांनी अचानक बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, सडीचा पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, पुन्हा हातसडीचे तांदूळ सुरू झाले आणि कोंबड्या चालू लागल्या. या कामासाठी आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तांदळाच्या कोंड्यात काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे: थायमिन. निम्मा भात तरी कमी सडलेल्या किंवा उकड्या तांदळाचा करा, आणि पांढरे तांदूळ पाचपाच पाण्यांनी चोळून धुणे व पेज ओतून देणे थांबवा.

मोठ्या पातेल्याचा एक धोका घरच्या स्वयंपाकाला इतका लागू नाही, म्हणून घरी उत्तम रांधणारेही इथे चुकतात. भातात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्याने मरत नाहीत. वीस लिटरच्या पातेल्यातला भात झाकून ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, बीजाणू रुजतात आणि जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर तासा-सहा तासांत उलट्या सुरू होतात. डाळ, रस्सा आणि मांस यांच्या मोठ्या पातेल्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा दुसरा जंतू याच वाटेने वाढतो. नियम असा: वाढेपर्यंत अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर, नाहीतर ५ अंशांच्या खाली. शिजलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त नको. उरलेले जपायचे तर पातेल्यासकट फ्रिजमध्ये ढकलू नका. उथळ परातींत दोन बोटे जाडीचा थर पसरा, वाफ जाऊ द्या आणि लगेच थंडीत ठेवा. पुन्हा गरम करताना मध्यभाग ७० अंशांच्या वर गेला पाहिजे. यासाठी अन्नात खुपसायचा थर्मामीटर लागतो. तो नसलेले स्वयंपाकघर अंदाजावर चालते.

लाल राजम्याबद्दल एक ताकीद. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे एक विषारी प्रथिन असते, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा; दहा मिनिटे ही किमान, अर्धा तास केला तर निर्धास्त. मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास रात्रभर ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी होऊ शकतो. दाणा मऊ लागला म्हणजे सुरक्षित झाला असे नाही. भिजवलेले पाणी फेकल्याने इतर कडधान्यांतही वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात, आणि ‘कडधान्य पचत नाही’ या तक्रारीतला मोठा भाग मिटतो.

ज्या भोजनगृहांत पूर्ण शाकाहार आहे त्यांना ब१२ विषयी. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतच मिळते: मांस, मासे, अंडी, दूध. मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या किंवा स्पिरुलिना यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. प्रौढाला रोज २.४ मायक्रोग्रॅम लागते. पाव लिटर दुधात एकाच्या थोडे वर मिळते. चहात घातलेले दोन चमचे दूध म्हणजे दूध नव्हे. दूध-अंडी अजिबात नसतील तर गोळी किंवा ब१२ मिसळलेले पदार्थ हाच मार्ग. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तक्रार उशिरा येते: हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा, उदासी. भरपूर फोलेट घेणाऱ्यांत रक्तक्षय दिसतही नाही आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता जास्त आढळते, तेव्हा त्यांची चाचणी वेळोवेळी व्हावी.

वृद्धाश्रमांना वेगळे सांगायचे आहे. संध्याकाळी साडेसहाला जेवण आणि सकाळी नऊला नाश्ता, ही साडेचौदा तासांची पोकळी कर्मचाऱ्यांच्या पाळीसाठी पाडलेली असते, जेवणाऱ्यांसाठी नाही. आधीच कमी खाणाऱ्या माणसाला एवढा उपास परवडत नाही. झोपण्यापूर्वी दूध किंवा दाट खीर द्या. दात नाहीत म्हणून सगळेच पातळ करायची घाई नको: भात-डाळीत पाणी घालून मऊ केले की पोट पाण्याने भरते आणि दोन घासांत वाटी बाजूला जाते. मऊ करायला पाण्याऐवजी दूध वापरा. एका वाटीत १५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर मिसळली की ५ ग्रॅम प्रथिने वाढतात, चवीत फारसा फरक पडत नाही. तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, म्हणून पाणी मागितल्यावर न देता ठरल्या वेळी हातात द्या. आणि दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करा. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरले, म्हणजे ६० किलोचे ५४ झाले, तर ते वयाचे लक्षण मानून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

‘मधुमेहींचे ताट’ म्हणून जे निघते त्यात बहुधा फक्त गोड पदार्थ गाळलेला असतो, भाताचा ढीग तेवढाच. त्या ताटात अर्धी जागा भाज्यांची, पाव डाळ-कडधान्य-अंडी-मासे यांची आणि पाव धान्याची असावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचे जेवण अर्धा-पाऊण तास उशिरा झाले तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. वाढपाची रांग लांब असली तरी त्यांचे ताट आधी निघाले पाहिजे.

कमी खाण्याचा मनावर काय परिणाम होतो हे १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर पाहिले. चोवीस आठवडे त्यांना जवळजवळ निम्म्या उष्मांकांवर ठेवले गेले. ते अशक्त झालेच, पण त्याहून लक्षात राहण्यासारखे म्हणजे ते उदास, चिडखोर आणि एकलकोंडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. आपल्या भोजनगृहात कुणी इतके उपाशी नसेल. तरीही परीक्षेच्या काळात नाश्ता चुकवणाऱ्या मुलांची भांडणे किंवा वृद्धांचा अबोला यांचा विचार करताना ताटात काय उरले तेही पाहावे.

उपाहारगृहाच्या खिडकीत पाकीटबंद खाणे ठेवायचे की नाही यावर समित्यांमध्ये वाद होतात. केविन हॉल या संशोधकाच्या २०१९ मधल्या अमेरिकेतील प्रयोगाचा आधार घ्यावा असे आम्हाला वाटते. वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले; समोर ठेवलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, मीठ, चरबी आणि तंतू दोन्हींत सारखे जुळवले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलोने वाढले. ते अन्न ते वेगानेही खात होते. सगळी पाकिटे काढून टाकणे जमणार नसेल तर निदान जेवणाच्या आधीच्या तासात ती खिडकी बंद ठेवा.

शेवटी खरकटे. एक आठवडा, प्रत्येक जेवणाला, एकाऐवजी चार बादल्या ठेवा: भात-धान्य, डाळ, भाजी, इतर. प्रत्येकीचे वजन करून जेवणाऱ्यांच्या संख्येने भागा आणि त्याच दिवशी तक्त्याशेजारी लिहा. भाजीच्या बादलीत माणशी ६० ग्रॅम पडत असेल तर वाढलेल्या १०० ग्रॅम भाजीतली सरासरी ४० ग्रॅमच पोटात गेली, बाकीची फक्त ताटातून फिरून आली. मग कारण विचारा, जेवणाऱ्यांनाच: फार शिजून लगदा झाला, थंड वाढली, रोज तीच भाजी, की वेळच कमी मिळाला? वीस मिनिटांच्या सुट्टीत दहा मिनिटे रांगेत जात असतील तर भाजी कितीही चांगली केली तरी उरेलच, तिथे दुसरी वाढपाची खिडकी उघडावी लागेल.

समितीच्या पुढच्या बैठकीत चार कागद पुढ्यात असावेत अशी आमची मागणी आहे: मीठ, तेल आणि साखर यांचा माणशी हिशेब, डावाचे आणि पातेल्याचे माप, चहा आणि जेवण यांच्या वेळा, आणि खरकट्याच्या आठवड्याचे आकडे. आचारी आणि वाढपी यांना त्या बैठकीत बसवा, त्यांना काय कमी पडते ते आधी ऐका. तक्त्याचा विषय त्यानंतर घ्या.

आपले,
आहारनियोजनाचे काम करणारे काही आहारतज्ज्ञ